चौदा बायकांचा प्रतिध्वनी

चौदा बायकांचा आवाज चाळीस बायकांइतका करायचा, एवढंच मला करायचं होतं. यात कुणाचं वाईट व्हावं असा हेतू कुठेही नव्हता, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण नंतर आमच्या गल्लीत या विषयावर बरंच उलटसुलट बोललं गेलं. बोललं गेलं म्हणजे अर्थात माझ्या पाठीमागे. आमच्या या सोलो शहरात तोंडावर बोलायची पद्धत नाही. इथे तुमच्या घराला आग लागली तरी शेजारी आधी चहा झाला का विचारतो, मग उकाड्याबद्दल दोन शब्द बोलतो, आणि मग हळूच म्हणतो की तुमच्या स्वयंपाकघरात आज जरा उजेड जास्त दिसतोय.

माझी बायको रेत्नो आमच्या गल्लीतल्या बायकांचं 'केनांगा गायन मंडळ' चालवते. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आधी आमच्या वॉर्डात गायनस्पर्धा असते. सात मंडळं असतात. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी केनांगा सातवं आलं. त्याच्याही आदल्या वर्षी सहावं आलं होतं, पण तेव्हा एक मंडळ आलंच नव्हतं. मग वॉर्ड ऑफिसातून सूचना निघाली की लहान मंडळं फार झाली आहेत, तरी शेवटच्या क्रमांकाच्या मंडळाने पहिल्या क्रमांकाच्या मंडळात विलीन व्हावं. पहिलं कोण येणार हे सगळ्यांना पाठ होतं. मागच्या गल्लीतल्या बू पुस्पो, बू म्हणजे बाई, यांचं 'मेलाती' मंडळ दरवर्षी पहिलं येतं. त्यांच्याकडे चाळीस बायका आहेत आणि चाळिसांना एकाच कापडाचे ब्लाउज आहेत.

सूचना निघाली त्याच दिवशी बू पुस्पो केळीच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या वड्यांची बशी घेऊन आमच्याकडे आल्या. बसल्या, पाय दुखतात म्हणाल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "रेत्नो, तुला तिसऱ्या रांगेत चालेल ना गं? तिथे पंख्याचा वारा छान येतो."

रेत्नोने हसून बशी घेतली. त्या गेल्यावर तिने इस्त्री काढली. माझी बायको रडत नाही, इस्त्री करते. त्या आठवड्यात माझे सगळे शर्ट झाले, चादरी झाल्या, टॉवेल झाले, आणि शेवटी ती पायपुसण्याला इस्त्री करताना दिसली तेव्हा मला ते बघवेना.

आता माझ्याबद्दल. मी शहर वाचनालयात काम करतो, पण तो माझा खरा परिचय नव्हे. माझा खरा परिचय माझ्या खोलीत कापडाखाली झाकून ठेवलेला असतो. ते एक जुनं अॅनालॉग सिंथेसायझर आहे, कॉलेजच्या बँडमधलं, आणि त्याच्या जोडीला एक प्रतिध्वनीची पेटी. या पेटीत तुम्ही 'आ' म्हणालात की ती थोड्या वेळाने 'आ' म्हणते, मग पुन्हा जरा हळू 'आ' म्हणते. किती वेळाने म्हणायचं ते एका गोल बटणावर ठरतं. मी हिशेब केला. सिंथेसायझरवर सूर घेऊन चौदा बायका गायल्या, पेटीने त्यांचं गाणं परत म्हटलं, आणि पुन्हा एकदा म्हटलं, की चाळीसच्या वर बायका होतात. ब्लाउज शिवायला नकोत.

साथीला माझा मेहुणा तेजो होता. तेजो लग्नांमधून एकट्याने कीबोर्ड वाजवतो. त्याच्या कीबोर्डमध्ये तबल्यापासून तुतारीपर्यंत सगळं भरलेलं आहे. तो फक्त बटण दाबून हसतमुख बसतो आणि मधून मधून नवरदेवाच्या आईला गायला बोलावतो. मी त्याला योजना सांगितली. 

"दाजी, एक सांगू? तुमची पेटी मनाला येईल तेव्हा बोलते. माझा कीबोर्ड आकड्यांवर चालतो. प्रतिध्वनी तालात पडला नाही ना, तर चाळीस बायका नाही, चाळीस भांडणं ऐकू येतील."

"तू वाजव. मी बटण हाताने जुळवतो," मी म्हणालो.

पहिली तालीम आमच्या पुढच्या खोलीत झाली. तेजोने ताल सुरू केला, रेत्नोने हात उचलला, बायकांनी पहिली ओळ म्हटली, आणि पेटीने ती ओळ बरोबर परत म्हटली. फक्त जरा उशिरा म्हटली. आणि इथे जे घडलं ते जगात दुसरीकडे कुठे घडणार नाही. आमच्या बायका थांबल्या. कुणी बोलत असताना आपण मधे बोलू नये हे आमच्याकडे पाळण्यात शिकवतात, आणि पेटी बोलत होती. पेटीचं संपेपर्यंत चौदाही जणी अदबीने उभ्या राहिल्या. मग त्यांनी दुसरी ओळ म्हटली. पेटीने ती परत म्हटली. त्या पुन्हा थांबल्या. तेजोचा ताल मात्र कुणासाठी न थांबता पुढे पळत होता आणि केव्हाच गाणं संपवून मोकळा झाला होता.

"पेटीसाठी थांबायचं नाही," मी समजावलं. "तिच्यावरूनच गायचं."

"पण ती आपलीच ओळ म्हणत असते हो," एक बाई म्हणाल्या. "तिचं तोंड कसं दाबायचं?"

तालीम संपल्यावर तेजोने मला बाजूला घेतलं. त्याने सांगितलं ते असं. त्याच्या कीबोर्डमधून सतत ठोके बाहेर पडत असतात. ते कानाला ऐकू येत नाहीत, दुसऱ्या डिजिटल यंत्राला कळतात. त्याला मिडीचं घड्याळ म्हणतात. एक यंत्र ठोके देतं, बाकीची सगळी त्याच्या मागे निमूट चालतात. माझ्या अॅनालॉग पेटीला ती भाषा येत नाही. तिला फक्त विजेचा धक्का कळतो. तेव्हा दोघांच्या मधे एक दुभाषी लागतो. बांडुंग शहरात एक माणूस अशा डब्या बनवतो.

मी डबी मागवली. साबणाच्या वडीएवढी होती. तिला कीबोर्डची तार एका बाजूने आणि पेटीची तार दुसऱ्या बाजूने लावायची, एवढंच काम. मी तारा लावल्या, तेजोने बटण दाबलं, आणि घरातली वीज गेली.

आमच्या घराला वीज मंडळाने जी वीज मंजूर केली आहे तीत भाताचा कुकर, पाण्याचा पंप आणि इस्त्री यांपैकी कोणतेही दोघे एका वेळी नांदू शकतात. तिसरा आला की मीटरचा खटका पडतो. आम्ही वर्षानुवर्षं त्यावरच संसार केला. पण आता त्यात यंत्रं आली. आणि खटका पडण्यात डिजिटल आणि अॅनालॉग असा मोठा भेद आहे. वीज परत आली की तेजोचा कीबोर्ड झोपेतून उठल्यासारखा तरतरीत होतो. माझं यंत्र मात्र गरम व्हायला अर्धा तास घेतं, आणि तोवर त्याचा सूर जिना चढावा तसा वर वर जात राहतो. रेत्नोच्या दुःखाचा विचार करून मी इस्त्री बंद कर असं म्हणू शकत नव्हतो. त्यामुळे तालीम म्हणजे सूर लावणं, खटका, अंधार, पुन्हा सूर लावणं असा प्रकार झाला.

तेव्हा पाक साब्दोनो आले. आमच्याकडे वडीलधाऱ्याला पाक किंवा बापाक म्हणतात. हे आमचे गल्लीप्रमुख. वीज मंडळातून निवृत्त झालेले, त्यामुळे विजेसंबंधी त्यांचं मत शेवटचं असतं. त्यांच्या हातात कायम एक पिंजरा असतो आणि त्यात त्यांचा पक्षी. या पक्ष्याने गाण्याच्या स्पर्धांमध्ये ढाली मिळवल्या आहेत. ते माझ्याशी बोलतात आणि पक्ष्याकडे बघतात.

"पाक हार्गो, घरात हे व्हायचं नाही," ते म्हणाले. "गल्लीच्या सभागृहात जा. तिथे वीज भरपूर. फक्त आवाजाचा परवाना काढावा लागेल. मी सही देतो, वॉर्डात शिक्का घ्या."

वॉर्ड ऑफिसात एक तरुण, अतिशय नम्र बाई बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाण्याचा पेला दिला, आणि परवाना मिळणार नाही असं सांगितलं.

"बापाक, सभागृहात आवाज करण्याची पाच कारणं असतात. लग्न, सुंता, मयत, धार्मिक आणि इतर. तुमचं 'इतर'मध्ये जातं. 'इतर'वर वरच्या साहेबांची सही लागते. साहेब प्रशिक्षणाला गेलेत."

"कधी येतील?"

"आले की येतील."

"मग लग्न लिहा."

"लग्नाला वधू लागते, बापाक."

"धार्मिक?"

"त्याला मशिदीच्या समितीचं पत्र लागतं."

"मयत?"

त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. "त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो."

"मग सुंतेला काय लागतं?"

"सुंतेला काही नाही. त्यात माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतात."

मी सुंता लिहून शिक्का घेतला आणि हलक्या मनाने घरी आलो. सरकारदरबारी माणसाने थोडं लवचीक असावं, असं मी रेत्नोला सांगितलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तो बाहेर गल्लीतल्या बायका विळ्या, नारळ आणि मोठी पातेली घेऊन उभ्या. आमच्याकडे कुणाच्या घरी कार्य निघालं की न बोलावता मदतीला जायचं असतं, आणि कार्य निघाल्याचा कागद सभागृहाच्या फळ्यावर लागला होता. यजमानाचं नाव हार्गो. आता आमच्या घरात सुंता करण्याजोगं कोण आहे? एकुलता एक मुलगा दूर बाताम बेटावर नोकरीला आहे, त्याचं लग्न झालेलं आहे. राहिलो मी.

कुणीही मला काही विचारलं नाही. विचारणं उद्धटपणाचं झालं असतं. पाक साब्दोनो, ज्यांनी स्वतः कागदावर सही केली होती, त्यांनी पिंजरा खाली ठेवून माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "उशिरा का होईना, पाक हार्गो." एका शेजाऱ्याने नवी सैलसर लुंगी आणून दिली. पुढचे कितीतरी दिवस मी कुठे गेलो की लोक उठून मला उशी द्यायचे. मी खुलासा करायला तोंड उघडलं की ते नजर खाली करायचे आणि म्हणायचे, जपा. शेवटी मी उशी घेऊन बसू लागलो. बायकांनी शिजवलेला भात आम्ही गल्लीत वाटला.

सभागृहात वीज भरपूर होती, हे खरं. मी आणि तेजोने यंत्रं मांडली, बायका ओळीत उभ्या राहिल्या. पाक साब्दोनो पक्ष्यासह पाहायला आले होते. तेजोने ताल सुरू केला. बायकांनी 'स्वातंत्र्य' हा शब्द म्हटला आणि पेटीतून असा आवाज आला की कुणीतरी ओल्या गल्लीत नादुरुस्त मोटारसायकल सुरू करतंय. शब्दाचे तुकडे तुकडे होऊन ते एकमेकांच्या अंगावर पडत होते. मी बटणं फिरवली. मोटारसायकल जवळ आली.

घोटाळा काय होता ते नंतर कळलं. मिडीचं घड्याळ तालाच्या एका मात्रेला एक ठोका देत नाही. ते चोवीस ठोके देतं. डिजिटल यंत्रांना एवढी बारीक शिस्त आवडते. माझी बिचारी पेटी प्रत्येक ठोका म्हणजे एक मात्रा समजून जिवाच्या आकांताने धावत होती. डबीच्या मागे एक नखाएवढी कळ होती, ती खाली करायची राहिली होती. तेजो म्हणाला की ती मी पाहायला हवी होती. मी म्हणालो की ठोके कुणाच्या कीबोर्डमधून येत होते याचाही विचार व्हावा. कळ खाली केल्यावर सगळं सुरळीत झालं, फक्त पाक साब्दोनोंचा पक्षी तेवढ्यात तो आवाज शिकला. पुढच्या रविवारी पक्ष्यांच्या स्पर्धेत त्याने आपली ढाल जिंकणारी तान घेतली आणि शेवटी मोटारसायकल सुरू केली.  दुसऱ्या दिवसापासून पाक साब्दोनो पिंजऱ्यावर कापड टाकून आमच्या घरासमोरून जाऊ लागले.

पण सांगायचा मुद्दा, जमलं. कीबोर्डवरचा दिवा, डबीवरचा दिवा आणि माझ्या पेटीवरचा लाल दिवा, तिन्ही एकाच क्षणी लागत आणि एकाच क्षणी विझत. मी तेजोला चहा सोडून यायला लावलं आणि आम्ही दोघं मांडी घालून ते बघत बसलो. माझं जुनं यंत्र आणि त्याचं नवं यंत्र एका तालात चाललं होतं. मला एवढा आनंद झाला की मी रेत्नोला हाक मारून दाखवलं. ती बघून म्हणाली, "छान लागतात दिवे."

राहिला एकच अडथळा, आणि त्याचं नाव एयांग सास्त्रो.

एयांग म्हणजे आजी. एयांग सास्त्रो या केनांगा मंडळाच्या मुख्य गायिका. तरुणपणी त्या राजवाड्यातल्या गामेलानबरोबर, म्हणजे घंटा-झांजांच्या वाद्यवृंदाबरोबर गात असत, आणि ही गोष्ट त्या कुणालाही विसरू देत नाहीत. त्यांचा आवाज अजून असा आहे की भाजीवाला तराजू हातात धरून थांबतो. पण त्या उशिरा येतात. म्हणजे तालमीला नव्हे, तालमीला त्या सगळ्यांच्या आधी येऊन चांगली खुर्ची पकडतात. त्या सुरावर उशिरा येतात. मात्रा पडून गेली, बाकीच्या तेरा जणी गाऊन मोकळ्या झाल्या, की मग एयांग सावकाश तोंड उघडतात, आणि बाकीच्या त्यांच्यासाठी शब्द ताणून धरतात. ओळीच्या शेवटी तर त्या इतकं रेंगाळतात की मधे पान लावून होईल. हाताने बटण फिरवायच्या काळात हे खपून गेलं असतं. आता घड्याळ होतं. पेटी एयांगना न जुमानता वेळेवर बोलायची, आणि एयांगचा उशिरा आलेला शब्द पुढच्या ओळीत भलत्याच जागी परत यायचा.

मी अतिशय अदबीने, वाकून, विषय काढला. "एयांग, जरा मात्रेवर येता येईल का?"

एयांगनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "पाक हार्गो, घंटा वाजू द्यायची, तिचा नाद विरू द्यायचा, मग बाईने गायचं. घंटेबरोबर ओरडतात ते फेरीवाले."

"खरं आहे, पण हे गामेलान नाही. इथे घड्याळ आहे. ते थांबत नाही."

"कुणासाठीच?"

"कुणासाठीच नाही."

"वाईट वळण लागलंय त्याला," एयांग म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "बरं, येते हं मात्रेवर."

सोलोमध्ये 'बरं' या शब्दाचे पुष्कळ अर्थ होतात, आणि त्यांत 'हो' हा अर्थ नसतो. हे मला जन्मापासून माहीत आहे. तरीही यंत्रं जमल्याच्या आनंदात मी ते 'हो' म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी एयांग होत्या तितक्याच उशिरा आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याहून किंचित जास्त.

घरी भाताचं ताट वाढता वाढता रेत्नोने विचारलं, "अहो, त्या यंत्राला जरा थांबायला सांगता येईल का? एयांगपुरतं?"

"रेत्नो, थांबलं तर ते घड्याळ कसलं? तू एयांगना सांग ना."

"मी त्यांना कसं सांगू?"

"मग मी यंत्राला कसं सांगू?"

तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला. मग म्हणाली, "बरं."

आणि इस्त्री काढली. या वेळी इस्त्रीचे कपडे शिल्लक नव्हते, म्हणून तिने माझ्या यंत्रावर टाकायचं कापड घेतलं. ते मला बोलल्यापेक्षा जास्त लागलं. पण माणसाचा मान ही काय चीज आहे ते असं बोलून कळत नाही. मी वाचनालयात बारा पुस्तकं एका रांगेत लावून दाखवू शकतो, त्यात कौतुक करण्यासारखं काही नसतं. आयुष्यात एकदा मी दोन यंत्रं जुळवली होती. ती मला माझ्या हाताने सोडवायची नव्हती.

स्पर्धा जवळ आली तशा तालमी लवकर संपू लागल्या. बायका यायच्या, यंत्राबरोबर एकदा गायच्या, "फार सुंदर, पाक हार्गो," असं सगळ्या म्हणायच्या, आणि शेंगा सोलायच्या आहेत म्हणून एयांगच्या घरी जायच्या. रेत्नोही जायची. स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाला शेंगदाण्यांची चटणी लागते हे मला माहीत होतं. पण एवढ्या बायका, एवढे दिवस, एवढ्या शेंगा? मला वाटलं, यंदा जेवणावळ मोठी असेल. तेजोही एकदोनदा त्यांच्याबरोबर गेला. त्याला शेंगा आवडतात.

स्पर्धेचा रविवार उजाडला. वॉर्डाच्या मंडपात सकाळपासून गर्दी होती. बू पुस्पोंच्या चाळीस बायका या वेळी चाळीस एकसारख्या पंख्यांसह आल्या होत्या. गायची आमची पाळी सहावी होती, त्यामुळे माझं यंत्र गरम व्हायला भरपूर वेळ मिळाला. मंचावर गेलो, तारा लावल्या, तिन्ही दिवे एका क्षणी लुकलुकले. एका परीक्षकाने मान पुढे काढून दिव्यांकडे पाहिलं. मी उशी घेऊन बसलो.

पहिलं कडवं ठीक गेलं. आवाज चाळीस बायकांचा झाला होता, निदान तीसचा तरी. दुसऱ्या कडव्यात एयांग मागे राहू लागल्या. पेटी पुढच्या ओळीत त्यांचा मागचा शब्द फेकू लागली. बायकांच्या चेहऱ्यांवर ते आमचं सोलोचं हसू आलं, जे आम्ही दात काढताना दंतवैद्याला दाखवतो. समोर बू पुस्पो पंखा हलवत होत्या.  केनांगा गेलं, रेत्नो तिसऱ्या रांगेत गेली, आणि ते माझ्या पेटीमुळे गेलं, असं मला स्पष्ट दिसलं. तरी माझा हात तारेकडे गेला नाही. हे मी लपवत नाही.

दुसरं कडवं संपलं तशी रेत्नो आमच्याकडे वळली. आमच्याकडे कुणाकडे बोट दाखवत नाहीत, अंगठा दाखवतात, आदराने, मूठ मिटून. तिने माझ्याकडे अंगठा केला आणि हात सावकाश खाली आणला. तेजोने त्याच क्षणी बटण दाबून ताल बंद केला. इतक्या तत्परतेने तर तो जेवायलाही उठत नाही. घड्याळ थांबलं. पेटीने शेवटचा शब्द एकदा म्हटला, पुन्हा जरा हळू म्हटला, आणि मग तिलाही सांगायला काही उरलं नाही.

मंडपात शांतता झाली. बायका काहीच करत नव्हत्या. एयांग उभ्या होत्या, डोळे मिटून. पेटीचा नाद पूर्ण विरला, त्यावर थोडा वेळ गेला, आणि मग त्यांनी तोंड उघडलं. बाकीच्या तेरा जणी कुणाचाही हात न बघता त्यांच्या मागोमाग शिरल्या. एयांग रेंगाळल्या तिथे त्या सगळ्या रेंगाळल्या. एयांगनी श्वास घेतला तिथे सगळ्यांनी घेतला. माझ्या शेजारी तेजो ओठांनी शब्द म्हणत होता. तेव्हा मला त्या शेंगांचा उलगडा झाला. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. माझ्या मेहुण्याला ठाऊक होतं. माझ्या मनाला लागू नये म्हणून त्यांनी रोज सभागृहात येऊन माझ्या यंत्राबरोबर एकदा वाईट गायचं आणि मग एयांगच्या स्वयंपाकघरात जाऊन चांगलं गायचं, असा दुप्पट व्याप केला होता. मला लाज वाटली. रागही आला होता, पण गाणं इतकं चांगलं चाललं होतं की रागावर लक्ष ठेवणं जमेना. मी या बायकांना महिनाभर ऐकत होतो आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

केनांगा दुसरं आलं. शेवटच्या क्रमांकाच्या मंडळाने विलीन होण्याबद्दल कुणी त्या दिवशी काही बोललं नाही, आणि पुढे ती सूचनाही मागे पडली. बू पुस्पोंनी रेत्नोचे दोन्ही हात धरून अभिनंदन केलं आणि पाय दुखतात म्हणून लगेच गेल्या.

मुख्य परीक्षकांनी रेत्नोला माइकपाशी बोलावलं. "बू हार्गो, यंत्र सगळा वेळ गर्दी करतं, आणि मग एकदम थांबतं, आणि मग नुसते गळे. अंगावर काटा आला. ही कल्पना कुणाची?"

रेत्नोने वळून पाहिलं. मी तारा गुंडाळत होतो.

"यांची," ती म्हणाली.

तेरा बायकांनी मान डोलावली. एयांगनीही डोलावली, जरा उशिरा. पाक साब्दोनोंनी प्रेक्षकांतून टाळी वाजवली. मला पुढे बोलावलं गेलं. आता यावर सभ्य माणसाने काय करावं? बायकोला चारचौघांत खोटं पाडावं? मी माइक घेतला आणि शांतता ही आधी तयार करावी लागते, तिच्यामागे फार तांत्रिक मेहनत असते, या विषयावर बरंच बोललो. माझं मलाच पटत गेलं. एका परीक्षकाने लिहून घेतलं.

त्याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसला. बाकीच्या सहाही मंडळांनी एकेक नवरा यंत्रासकट मंचावर आणून बसवला आणि तिसऱ्या कडव्याच्या आधी अंगठा दाखवून बंद पाडला. मेलातीने तर दोन नवरे आणले होते. चौथ्या नवऱ्यापर्यंत परीक्षक जांभया देऊ लागले.

आमच्या वेळी रेत्नो म्हणाली, "यंदा थांबवणार नाही. पण एयांगच्या मागे या."

मी डबीची तार काढून खिशात ठेवली. तेजोने ताल लावलाच नाही, नुसते सूर धरले. मी पेटीचं गोल बटण दोन बोटांत धरून एयांगच्या तोंडाकडे बघत बसलो. त्या रेंगाळल्या की मी बटण मागे घ्यायचो, त्या निघाल्या की त्यांच्या मागून पुढे. दिवे कसे लागत होते ते मी पाहिलं नाही. आम्ही तिसरे आलो.

रेत्नो आणि मी पेटी घेऊन घरी निघालो. गल्लीच्या तोंडाशी तिने माझ्या हातातल्या पेटीची दुसरी बाजू धरली.

"आज छान उशिरा येत होतात," ती म्हणाली.